मठस्थापनेची बखर

बदलीच्या गावी मुलांच्या शाळेची चौकशी सुरू झाली की पुष्कळदा एक नाव कानावर येते : कार्मेल कॉन्व्हेंट. प्रवेश मिळतो, गणवेश शिवून होतो, आणि तीन-चार वर्षांनी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आपण पुढच्या मुक्कामाला निघतो. मधल्या काळात तेथील धर्मभगिनींशी आपला संबंध येतो तो शुल्कापुरता आणि प्रगतिपुस्तकापुरता. ‘कार्मेल’ हे कशाचे नाव, त्या स्त्रिया कोणत्या परंपरेतल्या आणि भिंतीपलीकडे त्यांचे जीवन कसे चालते, हे विचारण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. ह्या प्रश्नांचे उत्तर देणारा एक ग्रंथ साडेचारशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका संन्यासिनीने लिहून ठेवला आहे. तो आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. आणि जे वाचतात तेही बहुधा धर्मग्रंथ म्हणून वाचतात. वाङ्मय म्हणून त्याची योग्यता काय, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

कार्मेल हा पॅलेस्टाइनमधील एक डोंगर. बाराव्या शतकाच्या अखेरीस तेथे काही एकांतवासी साधक राहू लागले. तेराव्या शतकाच्या आरंभी जेरुसलेमचा धर्माधिकारी आल्बर्ट ह्याने त्यांना एक लहानशी नियमावली दिली. पुढे हे लोक युरोपात आले, त्यांचा संघ वाढला, आणि १४५२ साली पोपच्या आज्ञापत्राने स्त्रियांनाही त्यात रीतसर स्थान मिळाले. १५३५ साली आविला गावची वीस वर्षांची तेरेसा ह्या संघाच्या ‘एन्कार्नासियोन’ मठात दाखल झाली, तेव्हा मूळचा कडक नियम पुष्कळ सैल झाला होता. दीडशेहून अधिक स्त्रियांचा तो मठ म्हणजे बाहेरच्या समाजाचीच प्रतिकृती होती. श्रीमंत घरच्या मुलींना स्वतंत्र दालने होती, नावामागे ‘दोन्या’ ही मानाची पदवी होती. गरीब मुली सामायिक दालनात निजत. मठाच्या उत्पन्नात सर्वांचे पोट भरत नसे, म्हणून कित्येकींना नातेवाइकांच्या घरी जाऊन राहण्याची मुभा होती. सत्तावीस वर्षांनंतर, २४ ऑगस्ट १५६२ रोजी, तेरेसाने त्याच गावात चार नवदीक्षितांना घेऊन ‘सान होसे’ नावाचा चिमुकला मठ उघडला. त्याचे घर तिने बहीण आणि मेहुणा ह्यांच्या नावाने गुपचूप विकत घेतले होते. गावात एकच गदारोळ झाला. नगरसभेने दावा लावला. तो निभावला, आणि तेथून ‘अनवाणी’ कार्मेलाइट स्त्रियांच्या शाखेचा आरंभ झाला. आपण लेखात ज्या ग्रंथाचा विचार करणार आहोत तो ह्यापुढची हकीकत सांगतो. त्याचे स्पॅनिश नाव ‘लिब्रो दे लास फुंदासिओनेस’, म्हणजे ‘स्थापनांचा ग्रंथ’. १५६७ ते १५८२ ह्या पंधरा वर्षांत संघाचे आणखी पंधरा मठ कसे उभे राहिले, त्याचा तो वृत्तान्त आहे.

ह्या ग्रंथाला मी बखर म्हणतो, त्याला कारण आहे. आपल्या बखरी बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिलेल्या असतात. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची हकीकत लिहिली ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, महाराष्ट्रापासून दूर, जिंजीच्या मुक्कामी. तेरेसाही आज्ञेवरूनच लिहिते. १५७३ साली सालामांका येथे रिपाल्दा नावाच्या जेझुइट धर्मगुरूने तिला हे काम सांगितले. प्रकृती ठीक नाही, पत्रव्यवहाराचा डोंगर पडला आहे, अशी कुरकुर करीतच ती लेखणी हाती घेते. बखरकाराप्रमाणे तीही ऐकीव आणि पाहिलेले एकत्र गुंफते, मध्येच एखाद्या साध्वीचे चरित्र सांगू लागते, तारखांत चुकते, आणि विषय सुटला म्हणून वाचकाची क्षमा मागते. एकतीस प्रकरणांचा हा ग्रंथ ती दहा वर्षे तुकड्यातुकड्यांनी लिहीत होती. सत्ताविसाव्या प्रकरणाशी तिने तो संपवलाही होता. कारण वरिष्ठांनी तिला एका मठात बसून राहण्याचा आणि नवे मठ न काढण्याचा हुकूम दिला होता. चार वर्षांनी वारे पालटले, प्रवास पुन्हा सुरू झाला आणि लेखणीही. ग्रंथाचा असा खंडित आकार कोणा कलावंताने योजलेला नाही. जगण्याने तो घडवला, आणि तसाच तो कागदावर राहिला.

ग्रंथाचे बळ पाहायचे तर मेदिना देल काम्पोच्या प्रकरणापासून आरंभ करावा. हे जत्राबाजाराचे, व्यापाऱ्यांचे गाव. १५६७ च्या ऑगस्टात, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या आदल्या मध्यरात्री तेरेसा आपल्या सोबतिणींसह तेथे पोचते. दुसऱ्या दिवशीच्या खेळासाठी बैल गावात आणले जात आहेत. त्यांच्या शिंगांतून वाट काढीत, मिस्सेची उपकरणी हातांत घेऊन ह्या बायका चालतात. विकत घेतलेले घर पाहावे तो भिंती ढासळलेल्या आणि अंगणात मातीचे ढिगारे. रात्रभर माती उपसायची, कोणाकडून तरी आणलेले पडदे आणि निळ्या रेशमी वस्त्राचे एक पांघरूण उघड्या भिंतींवर टांगायचे, खिळे नाहीत म्हणून जुन्या भिंतींतले उपटून काढायचे, आणि पहाटे घंटा वाजवून मिस्सा सुरू करायची. मठ स्थापन झाला! परंतु दिवस उजाडल्यावर तेरेसाच्या ध्यानात येते की भिंत पडल्यामुळे वेदी जवळजवळ रस्त्यावरच उघडी पडली आहे. क्षणापूर्वीचा आनंद ओसरतो, सगळा उद्योग वेडेपणाचा वाटू लागतो. ती राखणीला माणसे ठेवते; आणि ती झोपली तर नाहीत ना, हे पाहायला रात्री उठून खिडकीशी जाते. चांदणे होते म्हणून नीट दिसत असे, हेही ती सांगते. चांदण्याचा हा उल्लेख वर्णनाच्या हौसेने आलेला नाही. तो पहारेकऱ्याच्या उपयोगाचा तपशील आहे, आणि म्हणूनच चार शतकांनंतरही ती रात्र आपल्यापुढे उभी राहते.

असे तपशील जागोजाग आहेत. तोलेदोला ती पोचते तेव्हा जवळ तीन-चार डुकाट असतात. त्यांतून ती दोन चित्रे, गवताच्या दोन गाद्या आणि एक घोंगडी घेते. घर शोधून देतो तो एक फाटका विद्यार्थी. पहिल्या दिवसांत एखादी मासळी भाजण्यापुरते सरपणही घरात नाही. पुढे गावकरी वस्तू आणून देऊ लागतात तेव्हा, दागिने हिरावून न्यावेत तसे ह्या स्त्रियांना दुःख होते. सालामांकाला नुकतेच विद्यार्थ्यांकडून रिकामे करून घेतलेले भले मोठे अस्ताव्यस्त घर आहे. मृतात्म्यांच्या स्मरणाची रात्र, गावभर घंटा वाजताहेत, आणि सोबतीण घाबरून विचारते : तुम्ही ह्या क्षणी मेलात तर मी एकटी काय करू? घंटांच्या नादाने तेरेसाचेही मन क्षणभर चरकते. पण ती सांगते की तसे झाले म्हणजे पाहू, आता मला झोपू दे. आधीच्या दोन रात्री झोप नव्हती. झोपेने भीती घालवली, असा तिचा निष्कर्ष. संतचरित्रांत अशा जागी दिव्य प्रकाश प्रकटतो. येथे गवताच्या अंथरुणावर एक थकलेली, पंचावन्न वर्षांची बाई झोपी जाते.

सरकारी कामकाजाशी संबंध असलेल्या वाचकाला ह्या ग्रंथातला आणखी एक धागा विशेष जवळचा वाटेल. तो म्हणजे परवानगीचा. मठ काढायचा तर संघाच्या प्रमुखाचे पत्र हवे, बिशपची अनुज्ञा हवी, कोठे नगरसभेची तर कोठे खुद्द राजाची संमती हवी. सेगोवियाला बिशपने तोंडी होकार दिला होता. कागद घेण्याचे मध्यस्थाला महत्त्वाचे वाटले नाही. बिशप परगावी होता. १५७४ च्या मार्चमध्ये पहाटे मठ उघडला, आणि सकाळी बिशपचा कारभारी संतापून दारात हजर! त्याने वेदी उतरवायला लावली आणि दाराशी शिपाई बसवला. तोंडी हुकुमावर विसंबून कोण कसा अडचणीत येतो, हे आपल्यापैकी कोणाला नव्याने सांगायला नको. अखेरच्या बुर्गोस प्रकरणात तर आर्चबिशप जानेवारीपासून एप्रिलपर्यंत एकेक नवी अट पुढे करीत राहतो, आणि वृद्ध, आजारी तेरेसा एका रुग्णालयाच्या माळ्यावर थांबून राहते. ह्या अधिकाऱ्यांविषयी ती कडवटपणे लिहीत नाही. पण त्यांना सोडतही नाही. प्रत्येकाचा पवित्रा, सबब, अवचित पाझर ती नोंदवून ठेवते. स्त्रीला अधिकार नसलेल्या काळात अधिकाराची नाडी इतकी अचूक ओळखणारे लेखन थोडे असेल.

मठाच्या आतले जीवन ह्या ग्रंथात, आणि त्याच सुमारास तिने केलेल्या नियमावलीत, स्पष्ट दिसते. एका मठात प्रथम तेराच भगिनी असाव्यात, असे ठरले होते. पुढे ही मर्यादा एकवीसवर गेली. घोळका नको, एकमेकींना ओळखणारे कुटुंब हवे, हा त्यातला हेतू. ‘दोन्या’ ही पदवी बंद झाली. खासगी मालमत्ता नाही, कुलूपबंद पेटी नाही. झाडलोटीची पाळी लावायची तर यादीत पहिले नाव मठाध्यक्षेचे. सूतकताई, शिवणकाम ह्यांवर उदरनिर्वाह. पण कोणावरही नेमून दिलेल्या कामाचा माप लावायचा नाही. रोज दोन तासांचे मौन ध्यान; आणि जेवणानंतर एकत्र बसून मोकळ्या गप्पांसाठी राखलेला वेळही. आजारी बहिणीला काही कमी पडता कामा नये, धडधाकट असतील त्यांनी वाटल्यास उणे काढावे. ज्यांना स्वयंपाकघरात राबावे लागते त्यांनी ध्यान बुडाले म्हणून खंत करू नये, ईश्वर भांड्याकुंड्यांतही वावरतो, हा तिचा सांगावा प्रसिद्धच आहे. आपल्या जनाबाईच्या जात्यापाशी विठ्ठल येतो. त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा विचार परका वाटणार नाही.

आपल्या साधनेविषयी तेरेसा जितकी सश्रद्ध तितकीच इतरांच्या समाधीविषयी सावध आहे. दोन भगिनींना रोज प्रसादग्रहणाची अशी ओढ लागली की तो न मिळाल्यास आपण मरू असे त्यांना वाटे, आणि त्यांचे धर्मगुरूही हे मानून चालले. तेरेसाने सांगितले की मलाही तीच ओढ आहे. आपण तिघीही थांबू आणि मरायचे असेल तर तिघी मिळून मरू. अर्थात कोणी मेले नाही. तासन्‌तास निश्चल पडून राहणाऱ्या भगिनींना ती उपास कमी करायला, नीट जेवायला, झोपायला आणि कामाला लागायला सांगते. अशक्तपणा आणि समाधी ह्यांतला भेद ज्याला कळतो तो माणूस दुर्मीळ; आणि तो भेद विनोदाने सांगू शकणारा त्याहून दुर्मीळ.

एवढे गुण मान्य केल्यावर ज्या जागी हा ग्रंथ वाचकाला अस्वस्थ करतो तिकडे वळले पाहिजे. आज्ञापालन हा ह्या जीवनाचा कणा. तोलेदोच्या मठातली अध्यक्षा बागेतल्या डबक्याकडे पाहत जवळच्या भगिनीला सहज म्हणते की तुला ह्यात उडी घे म्हटले तर? वाक्य पुरे होण्यापूर्वीच ती पाण्यात! तिला बाहेर काढून कपडे बदलावे लागतात. तेरेसा हे कौतुकाने सांगते. पण त्याच ग्रंथात ती अध्यक्षांना बजावते की बोलताना जपा, स्वतःच्या बळाच्या मापाने दुसऱ्यांना मोजू नका. म्हणजे आज्ञेचे सामर्थ्य तिला ठाऊक आहे आणि तिचा धोकाही. प्रश्न असा की धोका टाळण्याचा भार ती केवळ आज्ञा देणाऱ्याच्या शहाणपणावर टाकते. आज्ञा पाळणारीला त्यात काही बोलण्याची जागा आहे काय? उदासरोगाने ग्रासलेल्या भगिनींविषयीचे सातवे प्रकरण वाचताना ही शंका गडद होते. त्यांना ध्यान कमी द्यावे, कामात गुंतवावे, खाण्यात काळजी घ्यावी, हे सारे समंजस आहे. परंतु ऐकत नसतील तर महिनाभर, न पुरल्यास चार महिने कोंडून ठेवावे, असेही ती सांगते, आणि हे त्यांच्याच हिताचे म्हणून सांगते. तेरा जणींच्या घरात एकीची व्यथा सर्वांना पोळते, हे खरे. तिच्या काळात वेड्यांशी वर्तन ह्याहून क्रूर होते, हेही खरे. तरीही त्या बंद खोलीतल्या बाईची बाजू ह्या ग्रंथात नाही. इतक्या बोलक्या ग्रंथातली ही नीरवता समीक्षकाने नोंदवलीच पाहिजे.

दुसरी नीरवता तेरेसाच्या स्वतःविषयीची आहे. तोलेदोचा मठ एका व्यापारी कुटुंबाच्या देणगीवर उभा राहत होता. सरदार घराण्यांनी नाके मुरडली. ईश्वराच्या दरबारी वंश आणि प्रतिष्ठा ह्यांना किंमत नाही, हे आपल्याला प्रभूने बजावले, असे ती लिहिते. हे वाक्य शतकानुशतके सर्वसाधारण उपदेश म्हणून वाचले गेले. १९४६ साली प्रकाशात आलेल्या कागदपत्रांवरून कळले की तिचा आजा मूळचा ज्यू वंशाचा, तोलेदोचाच व्यापारी होता, आणि १४८५ साली त्याला त्याच शहरात इन्क्विझिशनपुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. ‘शुद्ध रक्ता’चा दाखला जेथे माणसाचे भवितव्य ठरवी त्या देशात नातीने ह्याविषयी अक्षर काढले नाही, आणि आपल्या मठांत दाखल होणाऱ्या मुलीला वंशाचा दाखला मागण्याचा नियमही तिने केला नाही. तिने जे बोलून दाखवले नाही ते रचनेत उतरवले. पास्त्रानाचे प्रकरण ह्याच रचनेची कसोटी होय. १५७३ साली पतीच्या निधनानंतर एबोलीची सरदारपत्नी आपल्याच आश्रयाने चाललेल्या ह्या मठात संन्यासिनी म्हणून आली. दासी आणि मानपान तिच्याबरोबर आले. तेरेसाने तडजोड केली नाही. १५७४ च्या एप्रिलमध्ये भगिनींनी तो मठ रात्री सोडला, आणि त्या सेगोवियाला निघून गेल्या. ज्या देणगीदाराला यादीतले पहिले नाव झाडलोटीसाठी चालत नाही, त्याच्या घरात राहायचे नाही, हा त्याचा अर्थ.

अशी बाई लिहिते, हीच मुळात त्या काळी संशयाची गोष्ट होती. १५५९ साली स्पेनच्या इन्क्विझिशनने देशभाषेतली अनेक धर्मपर पुस्तके निषिद्ध केली. लॅटिन न जाणणाऱ्या स्त्रियांचे वाचन त्यामुळे जवळजवळ बंद झाले. तेरेसाने ह्याविषयी आपले दुःख आत्मचरित्रात नोंदवले आहे. येथे आपल्याला ‘स्मृतिस्थळा’ची आठवण होते. नागदेवाचार्यांच्या भोवती जमलेल्या महानुभाव मंडळाच्या त्या आठवणींत, केशोबास संस्कृतात ग्रंथ रचू पाहतात तेव्हा आचार्य त्यांना रोखतात. का, तर त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. एके ठिकाणी गुरू म्हाताऱ्यांसाठी देशभाषेचा आग्रह धरतो. दुसऱ्या ठिकाणी सत्ता त्यांच्या हातचे देशभाषेतले पुस्तक काढून घेते, आणि त्यांच्यातलीच एक उठून नवे पुस्तक लिहिते. तेरेसाची कास्तील प्रांतातली बोली घरगुती आहे, वाक्ये मध्येच वळण घेतात, खाडाखोड थोडी, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा गोडवा ज्याने चाखला आहे त्याला ह्या शैलीची जात चटकन ओळखू येईल. स्वतःच्या फजितीकडे हसून पाहणारी श्रद्धा दोघींच्या ठायी सारखीच आहे. मात्र लक्ष्मीबाई संसार सांगतात. तेरेसाला एक संस्था सांगायची आहे. म्हणून तिच्या लेखनात आत्मीयतेबरोबर एक सतत जागरूक, हिशेबी नजर आहे.

‘स्थापनांचा ग्रंथ’ छापून निघायला उशीर लागला. फ्राय लुइस दे लेओन ह्याने १५८८ साली तिचे ग्रंथ प्रसिद्ध केले तेव्हा हा वगळला गेला. त्यातली पुष्कळ माणसे हयात होती. तो १६१० साली ब्रुसेल्स येथे निघाला. तिच्या हातची प्रत आजही एस्कोरियालच्या ग्रंथालयात आहे. मठांतल्या इतर स्त्रियांचे आवाज ह्या ग्रंथात तिच्याच तोंडून ऐकू येतात, ही त्याची मर्यादा. परंतु तिच्याच सहवासात वाढलेली सेव्हिलची अध्यक्षा मारिया दे सान होसे हिने पुढे स्वतःचे संवादरूप पुस्तक लिहिले, हेही विसरून चालणार नाही. जेथे एकीने लिहिले तेथे दुसरीला लिहिण्याचे धैर्य आले.

१५८२ च्या ४ ऑक्टोबरच्या रात्री, बुर्गोसहून परतताना, आल्बा दे तोर्मेसच्या मठात तेरेसाचा अंत झाला. पंचांगसुधारणेमुळे दुसऱ्या दिवशीची तारीख १५ होती. पोपच्या वकिलाने जिला अस्वस्थ, भटकी बाई म्हणून हिणवले होते तिला १६२२ साली संतपद मिळाले, आणि १९७० साली चर्चने आपल्या आचार्यांत तिची गणना केली. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्या परंपरेची एक शाखा १८६६ साली केरळात कुनम्माव येथे, बांबूच्या तट्ट्यांच्या घरात, मूठभर मल्याळी स्त्रियांनी लावली. दुसरी १८६८ साली फ्रान्समध्ये बायोन येथे निघून १८७० साली मंगळुरात पोचली. आपल्या मुलांच्या शाळांशी नाते लागते ते बहुधा ह्या शाखांचे. तेरेसाचे मठ ध्यानासाठी होते, ह्यांनी अध्यापन पत्करले; एवढा फरक ध्यानात ठेवावा.

आपल्यासारख्या, दर काही वर्षांनी परक्या गावी बिऱ्हाड मांडणाऱ्या माणसांना हा ग्रंथ एक नेमकी गोष्ट सांगतो. नवे घर मांडताना तेरेसा सर्वांत आधी गवत मिळवीत असे. गवत असले म्हणजे अंथरुणाची सोय झाली, असे तिचे म्हणणे. मग भिंत, मग वेदी, मग परवानगीचा कागद. ह्या क्रमात एका संस्थेचा सारा इतिहास आहे, आणि त्या बंद खोलीचाही. दोन्ही ध्यानात ठेवून वाचले तरच ह्या बखरीला न्याय मिळेल.